अडतीस मुलांचं अक्षर

डाव्या हाताने लिहिलं की माझं अक्षर हुबेहूब पाच वर्षांच्या मुलासारखं येतं. हा शोध मला पस्तिसाव्या वर्षी लागला, आणि लागला नसता तर फार बरं झालं असतं.

मखमलाबाद रोडवरच्या एका मराठी शाळेत मी मोठ्या गटाला शिकवते. मोठा गट म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. त्यातली सगळ्यात मोठी व्यक्ती साडेपाच वर्षांची असते आणि तिला अजून नाक शिंकरता येत नाही. अशी अडतीस मुलं माझ्या पदरात आहेत आणि त्यांना अ पासून ज्ञ पर्यंत न्यायचं हे माझं काम. ते काम मला येतं, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण पुढे माझ्याबद्दल फारसं चांगलं सांगण्यासारखं काही नाही. ताटात रवा पसरून त्यात बोट फिरवायला लावायचं, जमिनीवर खडूने भलंमोठं अक्षर काढून त्यावरून चालायला लावायचं, गाणी म्हणायची. असं करत करत अक्षर मुलाच्या अंगात मुरतं. पण त्याला वेळ लागतो, आणि लागलेला वेळ फाईलला लावता येत नाही.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे पालक येतात आणि आपापल्या मुलाची फाईल बघतात, वाटलं तर घरीही नेतात. महिन्याला वीस पानं. अक्षर गिरवा, अक्षर लिहा, चित्राशी जोडा. पलीकडच्या गल्लीत एक इंग्रजी शाळा निघाली, तिच्या फायली म्हणजे लग्नाचे अल्बम. तेव्हापासून आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका सुमनबाई, एकच वाक्य बोलतात, "स्नेहल, फाईल पूर्ण हवी." एखाद्या आईने पानांचे फोटो स्टेटसला ठेवले की जूनमध्ये दोन प्रवेश जास्त होतात. प्रवेश घटले तर मराठी वर्ग बंद, मी घरी, आणि आमची मदतनीस लंकाबाई पेठला, आपल्या गावी परत. एवढं सगळं त्या बोलत नाहीत, पण मला ऐकू येतं.

आधी मी हात धरून लिहून घ्यायचे. सगळीकडे घेतात. मुलाच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची आणि पेन्सिल फिरवायची. मूल तेवढा वेळ खिडकीबाहेर बघतं. मुठी अडतीस झाल्यावर लंकाबाईही मदतीला बसायला लागल्या. त्यांना स्वतःला वाचता येत नाही, त्यामुळे पान उलटं ठेवलं तरी त्या तितक्याच मन लावून लिहून घ्यायच्या. तरी पानं उरायचीच. मग जुलैतल्या एका दुपारी उरलेली पानं मी घरी आणली, जेवणाच्या टेबलावर पसरली आणि सहज गंमत म्हणून पेन्सिल डाव्या हातात धरली.

तो क मी अजून विसरलेले नाही. वाकडा, थरथरता, रेषेच्या बाहेर पाय काढून बसलेला. इतका गोड, की मला त्या नसलेल्या मुलाचा पापा घ्यावासा वाटला.

तिथून माझी घसरण म्हणा, प्रगती म्हणा, झपाट्याने झाली. सगळ्यांचं अक्षर सारखं दिसून कसं चालेल? मग आभाला मी गोल, टपोरं अक्षर दिलं, कारण ती स्वतः तशी आहे. गंगाधरला घाईचं दिलं. जुलैमध्ये अक्षर वाकडं, ऑगस्टमध्ये जरा सरळ, दिवाळीनंतर रेषेत, अशी प्रत्येकाची सुधारणा मी बेताबेताने होऊ दिली. प्रत्येक पानावर एक चूक मुद्दाम करायची आणि मग उजव्या हातात लाल पेन घेऊन ती दुरुस्त करायची. खाली शेरा, 'छान प्रयत्न!' माझा नवरा महेश दुपारपाळी नसली की समोर बसून पेन्सिलींना टोक करून द्यायचा आणि म्हणायचा, "कुठल्या इयत्तेत आहेस सध्या?" आम्ही हसायचो. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला मजा यायची. फायली इतक्या सुंदर झाल्या, की मोठ्या बाईंनी त्या फाटकाजवळ टेबल मांडून ठेवल्या.

रुद्रला मी जाडसर अक्षर दिलं होतं. त्याचा क ढेरपोट्या होता, आणि शेवटची रेष जरा जास्तच खाली ओढलेली. रुद्र म्हणजे मखमलाबादच्या सुनील आणि सायलीचा मुलगा. सुनीलचं पेठ रोडला ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे, घरची द्राक्षबाग भाऊ बघतात. रुद्र वर्गात खिडकीपाशी बसायचा आणि रस्त्यावरून गेलेली गाडी न बघता ओळखायचा. हा छोटा हत्ती, ही पाण्याची गाडी, हा काकाचा ट्रॅक्टर, त्याच्या एका चाकात हवा कमी. गोष्ट सांगायला लागला की अख्खा वर्ग तोंड उघडं टाकून ऐकायचा. अक्षर मात्र त्याच्यात मुरत नव्हतं. रव्यात काढलेला ग तो पुसायचा आणि त्याच क्षणी विसरायचा. सप्टेंबरपर्यंत त्याला एकही अक्षर ओळखता येत नव्हतं. मला हे माहीत होतं, आणि त्याची फाईल पूर्ण होती.

सप्टेंबरमध्येच सायली मला फाटकात भेटली. घाबरत घाबरत म्हणाली, "मॅडम, घरी याला एक अक्षर लिहिता येत नाही. सारखं उलटंसुलटं दिसतं म्हणतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू का? की दुसऱ्या कोणाला?"

तेव्हा माझ्या मागे सुमनबाई उभ्या होत्या आणि टेबलावर फाईल होती. मी ती उघडली आणि सायलीच्या हातात दिली. "बघा किती छान लिहितो. घरी लाड होत असतील, म्हणून टाळत असेल." सायलीने एकेक पान बघितलं. ढेरपोट्या क वर बोट ठेवून ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. इतका वेळ जीव टांगणीला लागलेली बाई एका क्षणात सुटली. मी तिला सोडवलं असं मला वाटलं. डॉक्टरांचं नाव मग कोणी काढलं नाही.

जानेवारीच्या थंडीत, मुलं टोपरी घालून वर्गात बसलेली असताना लंकाबाईंनी मला हाक मारली. "बाई, या पोराचा हात बघा." रुद्रच्या डाव्या तळव्यावर दोन लाल वळ होते.

"काय झालं रे?"

"पप्पांनी पट्टी मारली," तो म्हणाला. तक्रार नव्हती, बातमी होती. "मी घरी लिहीत नाही ना, म्हणून."

"मग?"

"शाळेत लिहितो आणि घरी नाटकं करतो, असं पप्पा म्हणतात." मग त्याने मान वर केली आणि खरोखर माहिती हवी असल्यासारखं विचारलं, "टीचर, शाळेत मी लिहितो, मग घरी मला का येत नाही?"

मुठीवर मूठ ठेवून काढलेली दोन-चार अक्षरं त्याला आठवत होती. उरलेली शेकडो अक्षरं त्याच्या नावाने फाईलमध्ये होती आणि घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी ती बघितली होती. मोठी माणसं म्हणतात म्हणजे आपण लिहिलंच असणार, असं त्याने मानून टाकलं होतं. मी त्याच्या हाताला तेल लावलं आणि त्याला गाड्या ओळखायला पाठवलं.

शाळा सुटल्यावर मी सायलीला गाठलं. ती म्हणाली, "मीच चूक केली मॅडम. कौतुकाने त्यांना फाईल दाखवली. आता रोज संध्याकाळी फाईल आणि पाटी समोर ठेवून बसतात. म्हणतात, हे येतं ना, मग काढ. तो काढत नाही. तसे ते वाईट नाहीत हो. त्यांना वाटतं पोरगं खोटं बोलतंय, आणि खोटं त्यांना चालत नाही."

मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "मारू नका म्हणावं," आणि थेट सुमनबाईंच्या खोलीत गेले.

सुमनबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "सांग की त्यांना. पण मग बाकीच्या सदतीस जणांना काय सांगशील? एक फाईल खोटी म्हणालीस, की सगळ्या खोट्या."

"पण बाई, तुम्हीच तर..."

"मी तुला कधी सांगितलं, की तू लिही?"

मी आठवून बघितलं. खरंच, त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, फाईल पूर्ण हवी. अडतीस मुलं, वीस पानं आणि दोन बायका, एवढं समोर ठेवून त्या बाजूला झाल्या होत्या. इतके दिवस मला वाटत होतं आम्ही दोघी एकाच खड्ड्यात आहोत. त्या काठावर बसल्या होत्या. मला त्यांचा इतका राग आला, की बाहेर येऊन मी पाण्याच्या टाकीचा नळ उगाच जोरात बंद केला आणि तो तुटला.

मग मी एक शहाणपणा केला. फेब्रुवारीत रुद्रच्या फाईलमध्ये मी काहीच लिहिलं नाही. मला वाटलं, पानं कोरी दिसली की सुनील विचारेल, शंका घेईल, मग हळूच सांगता येईल. पंधरा दिवसांनी सुनीलने फाईल घरी मागवून घेतली. दुसऱ्या दिवशी रुद्रच्या दोन्ही तळव्यांवर वळ होते.

"आता शाळेत पण सोडलं मी," त्याने मला सांगितलं. "पप्पा म्हणाले, आळशी झाला."

त्या दुपारी मी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि रुद्रची वीसच्या वीस पानं भरली. डावा हात आपोआप चालत होता, ढेरपोटे क एकामागोमाग एक उतरत होते आणि मी रडत होते. लिहिलं तर पोराला मार, कारण त्याला येतं. नाही लिहिलं तर मार, कारण त्याने सोडलं. मी जिकडे वळेन तिकडून पट्टी त्याच्याच हातावर पडत होती. महेशने त्या दिवशी पेन्सिलीला टोक करून दिलं नाही. तो म्हणाला, "स्नेहल, पुरे." आणि आत निघून गेला.

शनिवार आला. पालक वर्गात मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. फायली वाटून झाल्या होत्या. सुमनबाई दारात हात जोडून उभ्या. रोज शाळेत सायलीच यायची, त्या दिवशी सुनील स्वतः आला होता, पांढरा शर्ट घालून, रुद्रचं मनगट धरून. फाईल चाळून झाल्यावर तो उठला.

"मॅडम, एक विनंती हाय. याला आज सगळ्यांसमोर लिहू द्या. फळ्यावर. घरी नाय ऐकत, तुमच्यासमोर ऐकल. एकच अक्षर काढू दे. म्हणजे माझा पण जीव शांत होईल."

नको म्हणायच्या आत त्याने रुद्रला फळ्यापाशी नेऊन उभं केलं होतं. रुद्रने खडू घेतला. फळ्याकडे बघितलं, खडूकडे बघितलं, मग माझ्याकडे. कोणाचं तरी तान्हं बाळ तेवढं कुरकुरत होतं. रुद्रने खडू फळ्याला टेकवला आणि तो तसाच टेकवून उभा राहिला. त्याची मान लाल होत गेली.

"काढ ना," सुनील म्हणाला. "क काढ. फाईलमध्ये एवढे काढलेस."

"ते त्याने नाही काढले," मी म्हणाले. "मी काढले."

माझा आवाज मलाच लहान वाटला. सुनीलने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. होती ती समजूत. "मॅडम, तुम्ही लय चांगल्या हायेत. रुद्र घरी तुमचंच नाव घेतो. पण त्याला पाठीशी घालू नका. हे काय मोठ्या माणसाचं अक्षर हाय का? पोराचं अक्षर मला कळत नाय?"

"खरंच मी लिहिलंय. सगळं. जुलैपासून."

दोन-तीन आया एकमेकींकडे बघून हसल्या. किती जीव लावते मुलांना, असं ते हसू. दारातून सुमनबाई पुढे आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आमची स्नेहल फार हळवी आहे. मुलाला कोणी रागावलेलं तिला बघवत नाही. बसा सुनीलराव, लिहील तो घरी."

वाट मोकळी होती. मी गप्प बसायचं, एवढंच. कोणी मला काही विचारणार नव्हतं, उलट चार लोकांत माझं नाव झालं असतं. वर्ग टिकला असता, लंकाबाई राहिल्या असत्या. रुद्र संध्याकाळी घरी गेला असता. आणि मोठ्या बाईंचा हात खांद्यावर ठेवलेला असताना मला समजलं, की माझं काम फारच चांगलं झालंय. इतकं, की आता खरं बोलले तरी ते खोटं ठरतंय.

मी खांदा सोडवला. रुद्रच्या हातातून खडू घेतला, डाव्या हातात धरला आणि फळ्यावर क काढला.

ढेरपोट्या, शेवटची रेष जास्त खाली ओढलेला. त्याच्या शेजारी दुसरा, जरासा कललेला. मग ख काढला, त्याची गाठ सुटलेली, कारण रुद्रच्या फाईलमध्ये मी ती जानेवारीपर्यंत सुटलेलीच ठेवली होती. ग काढला. घ काढला. मागे कोणी हसत नव्हतं. मी अख्खी ओळ संपवली, पाचवं अक्षर मुद्दाम चुकवलं आणि त्याला गोल केला. मग बाजूला झाले.

सुनील फाईल उघडी धरून फळ्यापाशी आला. पानाकडे बघायचा, फळ्याकडे बघायचा, परत पानाकडे. दुकानदार माणूस, नमुना जुळवून बघायची सवय असलेला. त्याने बोटाने एकेक अक्षर जुळवलं. शेवटी फाईल मिटली.

"म्हणजे याला येतच नव्हतं?"

"नाही."

"एक पण?"

"एक पण नाही. त्याने तुम्हाला खोटं कधीच सांगितलं नाही. त्याला काय होतंय ते डॉक्टरांनी बघायला हवं होतं, सायलीताई सप्टेंबरमध्येच म्हणाल्या होत्या. मी त्यांना फाईल दाखवली."

सुनीलने फाईल खाली ठेवली. तो रुद्रकडे वळला, त्याच्या अंगावर सावली पडेल इतका जवळ गेला. रुद्रने वर बघितलं, आणि काही विचार न करता, आपलं आता काय असतं ते ठाऊक असल्यासारखा, उजवा हात पुढे केला. तळवा वर करून. मग आठवण झाल्यासारखा डावाही.

आयुष्यभर मी मुलांचे हात धरले, असा हात मला धरता आला नसता. सुनील त्या दोन तळव्यांकडे बघत राहिला. "नाय रे," तो म्हणाला. "नाय रे बाबा." ते तळवे त्याने आपल्या हातात घेतले पण ते त्याला मिटवता येईनात. तो तसाच खाली, मुलांच्या जाजमावर बसला.

मला वाटलं, झालं. सांगून मी मोकळी झाले. पण माझ्या पाठीमागे फाईलचं एक पान उलटल्याचा आवाज आला. मग दुसरीकडे एक. मग सगळीकडे पानं उलटायला लागली, भराभर, आणि मला मागे वळून बघायचा धीर होईना. सुमनबाई माझ्या शेजारी नव्हत्या, दारातही नव्हत्या.

"मॅडम," खिडकीपाशी बसलेली वेदिकाची आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भांडणाचा नव्हता. "आता आमच्या वेदिकाचं काढून दाखवा ना."

मी खडू हातातून ठेवलेला नव्हता. वेदिकाचं अक्षर मला येत होतं. तिच्या मागच्या खुर्चीवरच्या माणसाच्या मुलाचंही येत होतं, त्याच्या मागच्याचंही. मी फळ्याकडे तोंड केलं आणि लिहायला लागले.